फुग्याची काटामारी : नववीच्या वर्गातल्या एका प्रयोगाची हकिगत

“बाई, हा काटा मारतोय.”

तिसऱ्या बाकावरून हे वाक्य आलं तेव्हा मी फळ्याकडे तोंड करून ‘निष्कर्ष’ हा शब्द लिहीत होते. निष्कर्ष मला अर्थातच आधीपासून ठाऊक होता. दर वर्षी तोच असतो : अभिक्रियेपूर्वीचं एकूण वस्तुमान आणि अभिक्रियेनंतरचं एकूण वस्तुमान समान असतं. मागे वळून पाहिलं, तर टेबलावरच्या डिजिटल काट्याचा आकडा १.३ ग्रॅमने खाली उतरलेला होता आणि बाटलीच्या तोंडावर लाल फुगा ऐटीत उभा होता. कुठे सांडलं नव्हतं, काही उतू गेलं नव्हतं, फुगाही सुटला नव्हता.

आमची शाळा नाशिक जिल्ह्यात, कांद्याच्या पट्ट्यात आहे. ‘काटा मारणे’ म्हणजे काय, हे या वर्गात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बाजार समितीत ट्रॅक्टर वजनकाट्यावर चढतो तेव्हा बापाच्या शेजारी उभं राहून आकड्यावर नजर ठेवायची सवय यांतल्या निम्म्या पोरांना आहे. त्यांच्या दृष्टीने माझा प्रयोग आणि बाजारातला हिशोब यांत फरक नव्हता. माल तेवढाच असेल, तर वजन कमी भरलं म्हणजे कुणीतरी खाल्लं. कोणी, ते बाईंनी सांगायचं.

मला ते सांगता आलं नाही. त्या दिवसाची आणि पुढच्या तीन तासिकांची ही नोंद.

प्रयोग तसा कुठल्याही शाळेत होतो तोच. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर. बदल एवढाच, की या वर्षी पहिल्यांदा आमच्याकडे ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा आला होता. त्याआधीच्या बारा वर्षांत मी हाच प्रयोग फुगा लावून करत आले, पण तो ‘वायू तयार झाला, पाहा’ एवढंच दाखवायला. फुग्यासकट वजन कधी केलंच नव्हतं. केलं असतं तरी जुन्या तराजूवर एखाद-दुसरा ग्रॅम डोळ्याआड झाला असता. काटा सूक्ष्म झाला आणि भानगड बाहेर आली.

प्रमाण मी हिशोबाने घेतलं होतं. सोडियम बायकार्बोनेटचं रेणुवस्तुमान ८४, ॲसेटिक आम्लाचं ६०. दोन्ही मिळून १४४. अभिक्रियेतून निघतात सोडियम ॲसिटेट ८२, पाणी १८ आणि कार्बन डायऑक्साइड ४४. बेरीज पुन्हा १४४. अणू मोजले तरी तेच : आधी कार्बन ३, हायड्रोजन ५, ऑक्सिजन ५, सोडियम १ आणि नंतरही नेमके तेवढेच. फक्त कोण कुणाशेजारी बसलं आहे, ते बदललं. सोड्यातला कार्बन दोन ऑक्सिजन घेऊन वायू म्हणून बाहेर पडतो. व्हिनेगरमधले दोन कार्बन मात्र द्रावणातच राहतात. फेस कुठून येतो, असं विचारलं की मुलं हमखास ‘व्हिनेगरमधून’ म्हणतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

सोडा घेतला ४.२ ग्रॅम, म्हणजे ८४ चा विसावा भाग. मग कार्बन डायऑक्साइडही ४४ चा विसावा भाग, म्हणजे २.२ ग्रॅम निघायला हवा. व्हिनेगर १०० मिलिलिटर. बाजारातल्या साध्या व्हिनेगरमध्ये ४ टक्क्यांच्या आसपास आम्ल असतं, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ४ ग्रॅम. सोडा पुरता संपवायला ३ ग्रॅम पुरे होतं, त्यामुळे सोडा शिल्लक राहायचा प्रश्न नव्हता. (सोडाच घ्यायचा, बेकिंग पावडर नाही. तिच्यात पिष्ट मिसळलेलं असतं आणि सगळा हिशोब बिघडतो. एका वर्षी माझा बिघडला आहे.)

पहिल्यांदा उघड्या बाटलीत केलं. अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली, आत व्हिनेगर, काट्यावर शेजारी कागदावर सोडा. आकडा टिपला. सोडा आत टाकला, रिकामा कागद परत काट्यावर ठेवला. फसफसून झाल्यावर आकडा १.८ ग्रॅमने उतरला. वर्ग खूश. वायू उडून गेला, वजन घटलं. इथे यालाही शब्द आहे : घट. चाळीत भरलेला उन्हाळ कांदा दिवाळीच्या आत काढला तरी भरला होता तेवढा भरत नाही. त्यातलं पाणी उडतं, काही सडतो, आणि कांदाही जिवंत असल्यामुळे श्वास घेतो, साखर जाळतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो. सोनार दागिना आटवतो तेव्हाही घट धरतो. तेव्हा ‘घट आली, कारण काहीतरी निसटलं’ हे मुलांना पुस्तकापेक्षा आधीपासून माहीत होतं.

एकाने विचारलं, “बाई, २.२ जायला हवं होतं ना? १.८ च गेलं.” मी “होतं थोडं इकडेतिकडे” म्हणून पुढे गेले. हे ‘इकडेतिकडे’ पुढे माझ्याच अंगाशी आलं.

आता निसटणारा वायू पकडायचा. दुसरी तशीच बाटली, तेवढंच व्हिनेगर, सोडा फुग्यात भरलेला, फुगा बाटलीच्या तोंडावर ओढून बसवलेला आणि बाजूला लोंबता सोडलेला. सगळ्याचं वजन केलं. फुगा उभा धरला, सोडा खाली पडला, फुगा भराभर फुगला. बाटली हाताला गार लागली, कारण ही अभिक्रिया उष्णता शोषून घेते. पुन्हा वजन केलं. १.३ ग्रॅम गायब.

मी जे केलं ते बहुतेक शिक्षक करतील असं मला वाटतं. “फुगा नीट बसला नसेल, गळला असेल,” म्हटलं आणि वहीत लिहायला सांगितलं : प्रायोगिक त्रुटी. या दोन शब्दांवर माझा तेव्हापासून राग आहे. प्रयोगात चूक होते, होऊ शकते. पण त्रुटी म्हणजे विहिरीवर टाकलेली फळी नव्हे, की टाकली आणि खालचं दिसेनासं झालं. १.३ ग्रॅम गेला असेल, तर तो कोणत्या तरी वाटेने गेला असणार. वाट सांगता येत नसेल, तर ती त्रुटी आहे हे तरी कशावरून?

हे शहाणपण मला त्या क्षणी सुचलं नाही, हेही सांगून टाकते. तिसऱ्या बाकावरची ती मुलगी पुन्हा म्हणाली, “बाई, गळला असेल तर परत करून बघू ना.” तास संपत आला होता. मी “उद्या” म्हटलं, आणि घरी जाताना पहिल्यांदा धास्ती वाटली, की उद्याही १.३ च आला तर?

दुसऱ्या दिवशी १.३ च आला. तिसऱ्यांदा केलं तेव्हा १.२. फुग्याच्या गळ्याला प्लंबर वापरतात ती पांढरी टेप गुंडाळली, वर साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा नाही. पंखा बंद केला, कारण वाऱ्याने आकडा नाचतो. सराफ काटा काचेच्या पेटीत का ठेवतो, हे मुलांच्या तिथेच लक्षात आलं. आकडा नाचायचा थांबला, पण वर काही चढला नाही.

मग संशयितांची यादी सुरू झाली. “वायू रबरातून पाझरतो,” असं एकाने सांगितलं. हा अंदाज मी हसून बाजूला सारणार होते, पण तो खोटा नाही. कार्बन डायऑक्साइड रबरातून हवेपेक्षा बराच लवकर पाझरतो. म्हणून फुगा तसाच काट्यावर ठेवून दहा मिनिटं वाट पाहिली. आकडा हलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फुगा सुरकुतलेला होता आणि आकडाही आणखी थोडा उतरलेला होता, म्हणजे पाझर होती, पण तासांच्या हिशोबातली. फुगा फुगताक्षणी नाहीसा झालेला १.३ ग्रॅम या वाटेने गेलेला नव्हता.

दुसरा संशय : “हा वायू हलका असतो, म्हणून फुगा वर उचलतो.” याची शहानिशा सोपी होती. बाटलीवरचा फुगा चिमटीत धरून काढला, गाठ मारली. तसाच दुसरा फुगा तोंडाने तेवढाच फुगवला. बाकावर उभं राहून दोन्ही एकदम सोडले. बाटलीवरचा फुगा प्रत्येक वेळी जरा आधी जमिनीला टेकला. म्हणजे वायू हवेपेक्षा जड, हलका नव्हे. संशयित निर्दोष, पण आता कोडं जास्तच वाईट झालं. जड वायू आत कोंडला आणि वजन घटलं!

हे दोन फुगे हातात आले होते म्हणून कुणीतरी त्यांचंही वजन करून टाकलं. या कृतीमागे विचार काही नव्हता, काटा मोकळा होता एवढंच. रिकामा फुगा २.१ ग्रॅम. तोंडाने फुगवलेला फुगा : २.१ ग्रॅम. बाटलीवरचा : २.६.

वर्ग त्या मधल्या आकड्याकडे पाहत राहिला. आत लिटरभराहून जास्त हवा आणि वजन शून्य? सहावी-सातवीपासून आम्ही शिकवतो, की हवेला वजन असतं. काठीला दोन फुगे बांधून एक फोडायचा तो प्रयोग मीही रंगवून दाखवते. मनातलं सांगायचं तर तो प्रयोग जरा लबाडच आहे. तिथे काठी जी कलते ती आतल्या सगळ्या हवेच्या वजनाने नाही, रबराच्या ताणामुळे हवा किंचित दाबून भरली जाते त्या जादा हवेपुरतीच कलते. ०.१ ग्रॅमच्या काट्याला ती दिसतही नाही.

या शून्यावर सगळं उलगडलं, आणि ते मी उलगडलं नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो विज्ञानाच्या तासाला सहसा खिडकीबाहेर असतो, म्हणाला, “विहिरीतल्या बादलीसारखं झालं. पाण्यात आहे तोवर भरलेली बादली हलकीच लागते. वर आली की हाताला हिसका बसतो.”

पाण्यात बुडालेल्या बादलीतल्या पाण्याचं वजन हाताला कळत नाही, कारण भोवतालचं पाणी तिला तेवढंच वर ढकलत असतं. हवेत बुडालेल्या फुग्यातल्या हवेचंही तसंच. आर्किमिडीजचं तत्त्व आणि प्लावक बल ही मुलं आठवीत शिकून आलेली, मी तर कितीदा शिकवलेली. पण आमच्या सगळ्यांच्या डोक्यात ते पाण्यापुरतंच होतं. आपण हवेच्या तळाशी राहतो, आपला काटाही तिथेच आहे, हे कुणाच्या ध्यानात नव्हतं.

मग फुग्याचा घेर दोऱ्याने मोजला : ४१ सेंटिमीटर. त्यावरून त्रिज्या साडेसहा सेंटिमीटर आणि आकारमान साधारण १.१६ लिटर. फुगा काही नेमका गोल नसतो, पण एवढं चालून जातं. हवेची घनता पुस्तकात लिटरला १.२९ ग्रॅम दिलेली सापडते, ती शून्य अंश तापमानाची आणि समुद्रसपाटीची. आम्ही समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर वर आहोत आणि वर्गात २८ अंश होते. इथे लिटरभर हवा १.१ ग्रॅमच्या आसपास भरते. १.१६ गुणिले १.१ म्हणजे १.२८.

काटा सांगत होता १.३.

त्या तासाला मी फळ्यावर निष्कर्ष लिहिला नाही. मुलांनीच बडबड करून वर्ग डोक्यावर घेतला. शेजारच्या वर्गावरचे सर दारात येऊन पाहून गेले.

म्हणजे झालं असं. फुगा फुगण्याआधी बाटली आणि लोंबता फुगा मिळून जेवढी जागा व्यापत होते, तेवढ्या हवेचा वर ढकलणारा जोर पहिल्या वजनातच धरलेला होता. फुगा फुगल्यावर त्याच सामानाने १.१६ लिटर जागा जास्त अडवली, तेवढी हवा बाजूला सरली, आणि तिच्या वजनाइतका जास्त जोर वरच्या दिशेने लागला. आतलं द्रव्य तसूभर कमी झालं नाही. काट्यावर पडणारा दाब कमी झाला. आपण म्हणतो काटा वस्तुमान दाखवतो. तो बिचारा ग्रॅमच्या पाट्या लावून दाबच दाखवत असतो, आणि दाबात हवेचाही हात असतो. मुलीचा आरोप अर्ध्याने बरोबर होता. काटा मारला गेला होता, मारणारी भोवतालची हवा होती.

याची उलट तपासणी करणं भाग होतं. हिशोब जुळला एवढ्यावर मान डोलावली, तर ‘प्रायोगिक त्रुटी’ लिहिण्यात आणि यात फार अंतर उरत नाही. कारण खरंच फुगण्याचं असेल, तर न फुगणाऱ्या भांड्यात तीच अभिक्रिया केल्यावर आकडा जागचा हलता कामा नये.

त्यासाठी सव्वादोन लिटरची कोल्ड्रिंकची रिकामी बाटली आणली. १०० मिलिलिटर व्हिनेगर तळाशी. सोडा भरला होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या छोट्या प्लास्टिकच्या बाटलीत. ती बरोबर मोठ्या बाटलीच्या तोंडातून आत जाते. बाटली तिरकी धरून ती अलगद आत सरकवली, झाकण घट्ट लावलं. काटा : १६१.४. बाटली हलवली, छोटी बाटली आडवी झाली, फेस उठला. हाताला बाटली दगडासारखी कडक लागली. पुन्हा काट्यावर : १६१.४.

कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. “परत ठेवा,” असं तीन-चार जण म्हणाले. परत ठेवली. तेवढंच.

नंतर झाकण हळूच सैल केलं. फुस्स झालं, आकडा उतरला १५९.८ वर. बाटली तीन-चारदा दाबून सोडली, म्हणजे आतला वायू बाहेर जाऊन साधी हवा आत आली, तर आणखी ०.४ ने उतरला. एकूण २.०. अपेक्षित होता २.२. या वेळी उरलेल्या ०.२ ला ‘इकडेतिकडे’ म्हणायची माझी हिंमत नव्हती. त्यातला ०.१ सहज व्हिनेगरमध्येच विरघळून राहतो. सोडावॉटरच्या बाटलीतला वायू राहतो तसाच. बाकीचा काही अंश दाबून सोडल्यावरही बाटलीत होता. उघड्या बाटलीचा पहिल्या दिवशीचा प्रश्नही इथेच सुटला. तिच्यातून २.२ ऐवजी १.८ गेला, कारण प्रयोगानंतर ती बाटली रिकामी नव्हती, तिच्या रिकाम्या भागात हवेच्या जागी जड कार्बन डायऑक्साइड भरून राहिला होता. सुमारे ४०० मिलिलिटर जागेत हा फरक ०.२ ग्रॅमच्या वर जातो. विचारणाऱ्या मुलाला मी वर्गासमोर सांगितलं, की तू बरोबर होतास आणि मी उडवून लावलं.

हा प्रयोग करणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. बंद बाटली काचेची कधीही नको. कोल्ड्रिंकचीच हवी, कारण ती दाब सहन करायलाच बनवलेली असते. साध्या पाण्याची पातळ बाटली नको. बाटली मोठी आणि सोडा कमी. आमच्या प्रमाणात आतला दाब बाहेरच्यापेक्षा पाऊण पटीहूनही कमी वाढतो. सोडा दुप्पट-तिप्पट करून ‘मजा’ बघायची नाही. डोळ्यांवर चष्मा हवा आणि झाकण उघडताना तोंड बाजूला.

ही चूक करणारे आपण पहिले नाही, हे मुलांना सांगायला मला फार आवडलं. १६७३ साली लंडनमध्ये रॉबर्ट बॉइलने धातू बंद काचपात्रात तापवून त्याची राख झाल्यावर वजन वाढल्याचं प्रसिद्ध केलं. त्याचा निष्कर्ष : अग्नीचे कण काच भेदून आत शिरतात आणि त्यांना वजन असतं. घोटाळा एवढाच, की त्याने पात्र उघडून मग वजन केलं. उघडताना हवा आत शिरल्याचा आवाज त्याने ऐकला होता, तरी त्या हवेचा हिशोब धरला नाही. पुढे रशियात लोमोनोसोव्हने १७५६ मध्ये आणि पॅरिसमध्ये लाव्हाझिएने १७७४ मध्ये तोच प्रयोग पात्र उघडण्याआधी वजन करून पाहिला. वजन जसंच्या तसं. लाव्हाझिएने पात्र उघडलं तेव्हा हवा आत आली आणि तिच्याइतकं वजन वाढलं. आत त्याने तापवलेल्या कथिलाने हवेचा काही भाग धरून ठेवला होता, म्हणून बाहेरून नवी आली. बॉइलसारखा माणूस झाकण आधी उघडलं म्हणून फसला. आमचं झाकण बंद होतं, तरी आम्ही फुग्यामुळे फसलो.

या गोष्टीत मला सगळ्यात जवळचा वाटतो तो रसायनशास्त्रज्ञ हान्स लँडोल्ट. पुस्तकात त्याला फार तर एक ओळ मिळते. बर्लिनमध्ये या माणसाने १८९० च्या दशकापासून १९०८ पर्यंत एकच काम धरलं : बंद काचनळीच्या दोन पायांत दोन द्रावणं वेगळी ठेवायची, वजन करायचं, नळी उलटी करून ती मिसळायची, पुन्हा वजन करायचं. सुरुवातीला त्यालाही बहुतेक वेळा अगदी सूक्ष्म घट येत होती. तीही नोंदवून तो शोधत राहिला. निघालं ते असं, की अभिक्रियेच्या उष्णतेने काच जराशी प्रसरण पावते आणि लगेच पूर्ववत होत नाही, शिवाय काचेवरचा दमटपणाचा पातळ थर कमी-जास्त होतो. नळी फुगली म्हणजे जागा जास्त व्यापली, म्हणजे हवेने जास्त उचलली. आमचा फुगाच तो, कितीतरी पट छोटा! हे सगळं निवारल्यावर त्याने सांगितलं, की बदल असलाच तर एक कोटीत एका भागाहून कमी आहे.

लँडोल्टला ‘प्रायोगिक त्रुटी’ लिहून घरी जाता आलं असतं.

वर्गाचं पुढे काय झालं? चौथ्या तासाला मी ठरवून काही शिकवलं नाही. मुलांनी ‘एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड?’ हे कोडं काढलं. या कोड्याला हसून ‘दोन्ही सारखेच’ म्हणणारा आजवर हुशार ठरत आला. पण हवेत, काट्यावर दोन्ही एक-एक किलो भरले असतील, तर कापसात द्रव्य किंचित जास्त असतं. तंतूंमधली मोकळी हवा सोडून नुसते तंतूच धरले, तरी ते लोखंडापेक्षा अर्धा लिटर जागा जास्त व्यापतात. अर्धा लिटर हवा म्हणजे अर्धा ग्रॅम. कोड्यात फसणाऱ्यांवर हसणारेच फसले, याचा आनंद मुलांना किती झाला ते लिहिता येणार नाही.

माझ्या पद्धतीत एकच बदल केला आहे. पूर्वी क्रम असा होता : उघडी बाटली, मग फुगा, मग निष्कर्ष. आता फुग्यापाशी थांबते आणि आकडा फळ्यावर तसाच ठेवून तास संपवते. घरी जाताना मुलं त्यावर भांडत जातात. शेजारच्या सरांचं म्हणणं आहे, की नियम पक्का व्हायच्या आत अपवाद दाखवला की मुलं गोंधळतात. हा अपवादच नाही, असं माझं म्हणणं. आमचा वाद मिटलेला नाही. त्यांच्या बाजूने एवढं कबूल करते, की चाचणीत दोन मुलांनी ‘फुगा लावल्यास द्रव्य अक्षय्यतेचा नियम लागू होत नाही’ असं उत्तर लिहिलं. त्यांना मी वेगळं बसवून बंद बाटली पुन्हा करायला लावली.

आणि ती तिसऱ्या बाकावरची मुलगी. आठवड्याने ती वहीचं पान घेऊन आली. तिच्या वडिलांनी दहा टन कांदा ट्रकमध्ये भरून पाठवला होता. कांद्याची घनता पाण्याच्या आसपास, तो पाण्यात जेमतेम तरंगतो, म्हणजे दहा टनांचं आकारमान सुमारे दहा घनमीटर. दहा घनमीटर हवा अकरा किलोची. म्हणून वजनकाट्यावर अकरा किलो कांदा कमी भरला. मी तिला सांगितलं, की काटा ज्या लोखंडी वजनांनी तपासतात तीही हवेतच असतात, त्यांचे साधारण दीड किलो यातून वजा कर. तिने उभ्या-उभ्या वजाबाकी केली.

“साडेनऊ,” ती म्हणाली. “बाई, हे साडेनऊ किलोचे पैसे कुणाकडे मागायचे?”